चेंडू नसतानाचा खेळ

मोहम्मद शाहिद बचाव करत असे का, हा प्रश्न बनारसमध्ये विचारू नये. विचारलाच, तर पानाचा तोबरा सावरत माणसं हसतात. याच शहरात 1960 साली जन्मलेला हा माणूस त्यांच्या आठवणीत कायम पुढेच धावत असतो. 1980 साली मॉस्को ऑलिंपिकच्या हॉकीत भारतानं स्पेनला 4-3 असं हरवून सुवर्ण जिंकलं, त्यात एक गोल शाहिदचा. स्पेन एकेक गोल फेडत अंगावर येत होता. पण सामन्याची ती बाजू कुणी रंगवून सांगत नाही.

मला मात्र आघाडीवीर चेंडू गमावल्यावर काय करतो, हेच बघायचा नाद. बर्फावरच्या हॉकीत उत्तर अमेरिकेच्या लीगनं 1978 पासून बचावात तरबेज आघाडीवीरासाठी सेल्के करंडक ठेवलाय. रशियाच्या सर्गेई फेदोरोव्हनं 1994 मध्ये तो जिंकला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. आपल्याकडे असा करंडक असता तर? खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला, पण त्याचीही आठवण निघते ती वाऱ्यासारख्या धावेची.

अर्थात तेव्हाच्या आणि आजच्या आघाडीवीरांची तुलना सरळ नाही. शाहिदच्या काळी बदली खेळाडू मोजकेच; दमलेला गडी तसाच रेटायचा. पुढे हवे तितके बदल करायची मुभा आली. आता आघाडीवीर थोडा वेळ जीव तोडून धावतो, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडतो आणि बाहेर येऊन श्वास घेतो. शिवाय शाहिदच्या स्टिकवर चेंडू असेपर्यंत समोरच्याला तो मिळतच नव्हता. हाही बचावच, आणि माझ्या मते सर्वांत देखणा.

ललित उपाध्यायही बनारसचाच आघाडीवीर. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ भारत दहा जणांनिशी खेळला. आघाडी अशी उरलीच नाही, जो तो वर्तुळापाशी स्टिक आडवी घालत होता. 1-1 अशी बरोबरी टिकली, मग शूटआउटमध्ये 4-2 असा विजय. त्यात ललितचाही गोल.

त्या दहांत मी शाहिदला उभा करून पाहतो. तो मागे आलाच असता, पण चेंडू हाती लागल्यावर तो नुसता लांब भिरकावून दिला नसता, एवढं नक्की.