गाडी दिसली की अंगात येतं!

वस्तीवर राहणाऱ्या माणसाला कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही. रानात एकटे घर, शेजार लांब, अंधार पडला की रानडुकरे पिकात शिरतात, उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती वेगळीच. अशा ठिकाणी उंबऱ्याशी एक जागते जनावर असले की घरच्या बायामाणसांना धीर असतो. आपल्या देवादिकांनीही कुत्र्याला दूर लोटलेले नाही. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाजवळ कुत्रा आहे, आणि धर्मराजाने तर सोबतच्या कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात जायचे नाकारले. तेव्हा या लेखात कुत्र्याच्या विरुद्ध काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्याच्या एका खोडीबद्दल. दारात मोटार आली की तिच्या अंगावर धावून जायचे, चाकाला तोंड घालायचे, दारावर नखांनी ओरखडे काढायचे, ही ती खोड.

खोड तशी अलीकडचीच म्हणायची. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्या वस्तीपर्यंत येणारी वाहने म्हणजे बैलगाडी आणि सायकल. बैलगाडीच्या अंगावर कुत्रा कशाला धावेल? तो तिच्याखाली सावलीत चाले. आता दुधाची गाडी, खतांचा टेम्पो, व्यापाऱ्याचा पिकअप, जनावरांचे डॉक्टर, सोयरेधायरे, सगळे चाकांवर येतात. माझी नोकरीही अशीच वस्त्यावस्त्यांवर फिरण्याची. शेतकरी नमस्कार घालायच्या आधी त्याचा कुत्रा सामोरा येतो, हे मी जवळजवळ तीस वर्षे पाहत आलो आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवरचा मोत्या असाच. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा गावठी कुत्रा. घरच्या लहानग्यांनी त्याच्या पाठीवर लोळावे इतका गरीब. पण चारचाकीचा आवाज आला की बांधावरून बाणासारखा सुटायचा. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचे रबरी फडके त्याने एका भेटीत अर्धे फाडून नेले. घरचे आप्पा ओशाळून म्हणाले, "सायेब, कुत्रं लई इमानी हाय, पन गाडी दिसली की त्याच्या अंगात येतं बघा."

मी म्हटले, "असू द्या आप्पा." सगळेच पाहुणे असे म्हणतात. नव्या मोटारीच्या दारावर चार बोटे लांब ओरखडा पडलेला असतो, विम्यातून पैसे मागावेत तर पुढच्या वर्षीची सवलत जाते, आणि तरीही पाहुणा तोंडाने "असू द्या हो, मुकं जनावर ते" असेच म्हणतो. मात्र पुढच्या खेपेला तो येत नाही. आप्पांच्या वस्तीवर हेच होऊ लागले. दुधाची गाडी फाट्यावरच थांबू लागली आणि सुनेला दोन्ही वेळा कॅन डोक्यावर घेऊन जावे लागे. डाळिंबाचा व्यापारी बाग न बघताच फोनवर भाव सांगू लागला. हा तोटा कुणी वहीत मांडत नाही, पण तो होतोच.

मग एका रात्री गाय अडली. डॉक्टरांना फोन गेला, ते बिचारे तातडीने आले. पण घरची माणसे सगळी मागच्या गोठ्यात गायीपाशी, आणि पुढे अंगणात मोत्या गाडीच्या भोवती. दार उघडले की अंगावर येई, मिटले की चाक धरी. हॉर्न वाजवला तर त्याला जास्तच चेव येई. इंजिनचा आवाज आणि कुत्र्याचे भुंकणे यांत हाका ऐकू जाईनात. थोरल्या मुलाच्या लक्षात येऊन तो पुढे येईपर्यंत बराच वेळ गेला. गाय वाचली, वासरू गेले. कालवड होती. डॉक्टर समजूतदार, म्हणाले, "वेळेत आलो असतो तरी वाचली असती असं सांगता येत नाही." पण घरच्यांच्या मनात ते राहून गेले.

चार दिवसांनी मी बाग बघायला गेलो तेव्हा घरात दोन तट पडलेले. थोरला म्हणत होता, भाकरीतून औषध घालू आणि मोकळे होऊ. आजी म्हणत होत्या, "त्यानं घर राखलं, त्याला तुम्ही इख घालणार? आधी मला घाला." मोत्या दाव्याला बांधलेला, मान खाली घालून बसलेला. तेव्हा ओट्यावर बसून मी त्यांना जे सांगितले, तेच इथे थोडे विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट, कुत्रा गाडीमागे का धावतो? पळत्या वस्तूचा पाठलाग करणे हे त्याच्या रक्तातच आहे. सशामागे धावणारा कारवानी कुत्रा घ्या, की कळपाबाहेर गेलेल्या मेंढीला वळवणारा धनगराचा कुत्रा घ्या, ओढ तीच. त्यात भर पडते ती राखणीच्या बुद्धीची. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या हिशेबाने तो दर वेळी जिंकतो. गाडी आली, तो भुंकला, धावला, आणि गाडी थोड्या वेळाने निघून गेली. गाडी तिच्या कामाने गेली हे त्याला कोण सांगणार? गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडा आपणच ओढतो, असे आपण म्हणतो. तसेच या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच हाकलली. रोज असे जिंकणारे जनावर खोड सोडील कशाला?

दुसरी गोष्ट, सगळी कुत्री एकाच कारणाने मोटार खराब करत नाहीत. एखादे धावत्या चाकालाच तोंड घालते. एखादे प्रेमळ असते; ओळखीचा माणूस उतरायच्या आत ते दारावर पुढचे पाय टेकून उभे राहते आणि नखांनी रंग जातो. एखाद्याला चकचकीत पत्र्यात स्वतःचीच छबी दिसते आणि दुसरा कुत्रा आला असे समजून ते त्यावर झेपावते. कधी उभ्या गाडीच्या उबेला मांजर खाली जाऊन बसलेले असते आणि कुत्रा त्याच्यासाठी गाडी ओरबाडतो. म्हणून औषध करण्याआधी आजार ओळखावा. उभ्या गाडीला त्रास देणाऱ्या कुत्र्यासाठी पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर लावणे किंवा तिच्यावर जुनी ताडपत्री टाकणे एवढ्यानेही भागते. धावणाऱ्या कुत्र्याला मात्र शिकवावेच लागते.

आता लोक करतात ते उपाय पाहा. कुणी दगड मारतो, कुणी गरम पाणी फेकतो, कुणी गाडी गेल्यावर काठीने झोडपतो. कुत्र्याला एवढेच कळते की गाडी आली की आपल्याला मार बसतो. मग त्याचा गाडीवरचा राग वाढतो आणि तो चाक सोडून माणसाला धरतो. काही जण ओढाळ गुराला बांधतात तसे लाकडाचे लोढणे त्याच्या गळ्यात अडकवतात. ते तर करूच नये. धावताना लोढणे पायांत येते आणि जनावर चाकाखाली सापडते.

आप्पांच्या वस्तीवर आम्ही आधी बंदोबस्त केला, मग शिकवण. दोन खांबांमध्ये जाड तार ताणून तिच्यात कडी ओवली आणि कडीला साखळी लावली. त्यामुळे मोत्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरता येऊ लागले. वर सावली, जवळ पाण्याचे भांडे. येणाऱ्याने फाट्यावरून फोन करायचा आणि गाडी दिसायच्या आत मोत्याला तारेला लावायचे. गाडी दिसल्यावर पकडायला धावलो तर त्याला वाटते, मालकही आपल्याबरोबर हल्ल्याला निघाला! रात्री मात्र साखळीला बांधून उघड्यावर ठेवायचे नाही. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेले ताट. रात्री तो बंद पडवीत.

शिकवण घरच्याच ट्रॅक्टरवर सुरू केली. पहिले काही दिवस ट्रॅक्टर नुसता उभा. मोत्याला लांब दोरीने धरून दूर बसवायचे, "बस" हा एकच शब्द, आणि तो शांत बसला की लगेच भाकरीचा तुकडा. घरातल्या सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. एकाने "बस", दुसऱ्याने "गप", तिसऱ्याने "हाड" म्हटले तर जनावर गोंधळते. मग इंजिन चालू करून तेच. मग ट्रॅक्टर सावकाश पुढे नेऊन तेच. तो उठला, ताणू लागला, तर मारायचे नाही. अंतर वाढवायचे आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यायचे. रशियातल्या पावलॉव्ह या शास्त्रज्ञाचे कुत्र्यांवरचे प्रयोग आम्हाला कॉलेजात शिकवले होते. ठरावीक खुणेनंतर खाणे मिळते हे ठसले की नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आपण तेच करायचे. गाडीचा आवाज म्हणजे भांडण, हे पुसून गाडीचा आवाज म्हणजे भाकरी, हे त्याच्या मनात भरायचे.

हे काम घरातल्या धाकट्या नातीने अंगावर घेतले. शाळेतून आली की अर्धा तास मोत्यापाशी. तीन-चार आठवड्यांनी त्या घरची मोटार आली तरी तो जागचा हलेना. परक्या गाडीला आणखी दोन महिने लागले. आजही फटफटी दिसली की त्याचे अंग थरथरते, म्हणून तेव्हा त्याला बांधतातच. कुत्र्याची शेपटी नळीत घातली तरी वाकडीच, असे म्हणतात. शेपटी असेल वाकडी, पण मोत्या बसायला शिकला. दुधाची गाडी पुन्हा अंगणात येऊ लागली.

फटफटीचे एवढे का सांगतो? मोटारीचा पत्रा खराब होतो, पण दुचाकीवाला पडला तर त्याचे हाड मोडते, डोके फुटते. आणि कायदा इथे मालकाला धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. याच संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालून मारणे हाही गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पिकाचे औषध पिकासाठीच. विषारी भाकरीचा तुकडा कोंबडी उचलते, शेजाऱ्याचे कुत्रे खाते, रांगते पोर तोंडात घालते. मेलेल्या कुत्र्यावर बसलेली घार आणि कावळेही मरतात.

कुत्रा पाळायचा तर रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची, लस त्याला दर वर्षी टोचलीच पाहिजे. पिल्लाला पहिली लस तीन महिन्यांचे झाल्यावर. कुणाला चावले, नुसता दात किंवा नख लागून रक्त आले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट लावू नये. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने लोक टाळत. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली आहे. आता दंडात मोजकी इंजेक्शने असतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पाहुण्यांनाही दोन शब्द. वस्तीजवळ गाडी हळू घ्या, हॉर्नचा सपाटा लावू नका. कुत्रा धावला म्हणून गाडी पळवू नका. पळती गाडी हेच त्याचे खेळणे. थांबा, घरच्या माणसाला येऊ द्या, मग उतरा. उतरल्यावर कुत्रा आला तर धावू नका, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नका, हात खाली सोडून उभे राहा.

ज्यांच्या घरी नवे पिल्लू यायचे आहे त्यांचे काम सर्वांत सोपे. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत जे त्याच्या डोळ्यांसमोरून शांतपणे जाते, ते त्याला जन्मभर परके वाटत नाही. त्या दिवसांत त्याला ट्रॅक्टर, फटफटी, मोटार, अनोळखी माणसे सगळे दाखवा, कडेवर घेऊन दाखवा. ते लहान असताना चाकामागे दुडदुडते म्हणून पोरे हसतात, टाळ्या पिटतात. तिथेच थांबवा. आणि पाहुण्याच्या गाडीला ओरखडा पडलाच, तर तो "असू द्या" म्हणाला तरी खर्च विचारा. तो घेणार नाही कदाचित, पण पुन्हा तुमच्या वस्तीवर येईल.