नव्या पूर्णा आजी घरी आल्या तेव्हा

रात्री साडेआठला आमच्या अकलोलीत बायकांना काम सांगायचं नाही. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण पाळतात सगळे. तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांमुळे गावात बारा महिने बाहेरची माणसं येतात. कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणी वज्रेश्वरीचं दर्शन आणि गणेशपुरीची समाधी करून जाता जाता डुबकी मारायला थांबतं. घराच्या मागच्या खोल्या आम्ही अशा लोकांना भाड्याने देतो, सांगितलं तर जेवणही करून देतो. आलेल्या पाहुण्याला मी आधीच सांगून टाकते, जेवायचं तर साडेआठच्या आत, नाहीतर नऊनंतर. मधला अर्धा तास माझा. कुणी क्रिकेटची मॅच लावायला सांगितलं तर आमचे हेच परस्पर उत्तर देतात, ‘टीव्ही माझा नाही हो.’

त्या अर्ध्या तासात आमच्या ओटीवर ‘ठरलं तर मग’ चालू असतं. ५ डिसेंबर २०२२ ला ही मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि बराच काळ मराठीत पहिल्या नंबरावर राहिली. सायली वात्सल्य आश्रमात वाढलेली मुलगी. तिला वाढवणारे मधुभाऊ खुनाच्या खोट्या आरोपात अडकतात. त्यांचा खटला लढवावा म्हणून ती वकील अर्जुन सुभेदारशी वर्षभराच्या कराराचं लग्न करते. अर्जुनच्या पूर्णा आजीला मात्र नातसून म्हणून हवी असते लहानपणी हरवलेली तन्वी, तिच्या लेकीची मुलगी. प्रिया नावाची मुलगी खोटी तन्वी बनून घरात शिरते. खरी तन्वी म्हणजे सायलीच. बघणाऱ्याला हे माहीत, आणि ज्यांना कळायला हवं त्या घरातल्यांना पत्ता नाही.

एवढीशी गोष्ट, आणि वर्षानुवर्षं चाललीय. आमचे हे म्हणतात, ‘एका फोनवर मिटलं असतं.’ मिटलं असतं, खरं आहे. माझी सून भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. तिचा भाग चुकतो, मग दुसऱ्या दिवशी गाडीत बसून ती तो मोबाईलवर बघते, तेही दहा-दहा सेकंद पुढे ढकलत. ‘आई, तीन जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, मध्ये ढुमढुम वाजवतात, ते कशाला बघायचं?’ ढुमढुम मलाही नकोच असतं. पण ती चेहरेही ढकलून देते, आणि मी बसते ती चेहऱ्यांसाठी.

मालिका बघत माझा संसार झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं, ‘आभाळमाया’ आली, तेव्हा सुधाच्या जागी मी असते तर काय केलं असतं, यावर आम्ही जावा-जावा भांडी घासताना वाद घालायचो. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचे दिवस भरता भरेनात, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले. आमच्याकडे मोठ्या आईने तिच्या नावाने शिव्या घातल्या, पण बघायची काही थांबली नाही. मोठी आई म्हणजे पलीकडच्या घरातली म्हातारी. नात्याने कुणाची कोण ते आता कुणालाच नीट सांगता येत नाही, पण अर्धी आळी तिला मोठी आईच म्हणते. तिची जागा टीव्हीच्या समोर, खांबाला टेकून.

‘आई कुठे काय करते’ मात्र आम्ही हसत बघितली नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या वेळी अरुंधतीला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळलं. त्या भागानंतर ओटीवरून उठून जाताना कुणी कुणाशी बोललं नाही. सकाळी कुंडावर मात्र बोलणं निघालं. ‘आता तिने काय करावा?’ असं एकीने विचारलं. विचारणारी अरुंधतीबद्दल विचारत नव्हती, हे पाण्यात बसलेल्या सगळ्यांना कळत होतं, आणि उत्तर देणाऱ्यांनीही मोठ्या समजुतीने अरुंधतीलाच उत्तर दिलं. पुढे अरुंधतीने घटस्फोट घेतला, सगळ्या खूश. तिने आशुतोषशी लग्न केलं, तेव्हा दोन तट पडले. माझं मत तेव्हा होतं की या वयात तिने एकटं, ताठ उभं राहायला हवं होतं. मोठी आई, जिला सही करता येत नाही, ती म्हणाली, ‘ताठ उभी राहून पाय दुखतात बाय, बसूदे तिला जराशी.’ मालिका पुढे दुपारी अडीचला गेली आणि माझी पंचाईत झाली, कारण ती वेळ पाहुण्यांच्या ताटांची. ३० नोव्हेंबर २०२४ ला ती संपली. शेवटचा भाग मी हातात पोळपाट घेऊन बघितला.

लोक समजतात आम्ही पुढे काय होणार या उत्सुकतेने बसतो. पुढे काय होणार ते आम्हाला केव्हाच कळलेलं असतं. २०२० च्या टाळेबंदीत तर याची खात्रीच पटली. रोजच्या मालिकेचं चित्रीकरण आणि प्रक्षेपण एकमेकांच्या मागे पळत असतात, तयार भागांचा साठा थोडाच असतो. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली आणि तो साठा बघता बघता संपला. जुलैपर्यंत वाहिन्यांनी जुनेच भाग पुन्हा दाखवले. कुंड बंद, खोल्या रिकाम्या, हाताला काम नाही. शेजारणी आपापल्या घरात, तोंडाला पदर लावून खिडकीतून बोलायच्या. सगळे भाग पाहिलेले, सगळी रहस्यं उघडी पडलेली, तरी आम्ही बघत होतो. उलट जास्त नीट बघत होतो. खोटं बोलताना अमुकजण आधी पाण्याचा ग्लास उचलतो, हे पहिल्या वेळी कुणाच्या लक्षात आलं होतं?

‘ठरलं तर मग’मध्ये कराराच्या लग्नाचं बिंग फुटलं तेव्हा कल्पनाचा, म्हणजे अर्जुनच्या आईचा, राग आम्हाला पटला. तिच्याशी खोटं बोलले होते ना! पण सायलीला घराबाहेर काढलं ते नाही पटलं. मधुभाऊंच्या खटल्यासाठी तर मोठ्या आईने वज्रेश्वरीला नारळ बोलला होता. मी म्हटलं, ‘अगं, ते नाटकातलं.’ तर म्हणाली, ‘देवीला कुठे ठाव हाय?’ तसं आमच्या देवीला अवघड नवसांची सवय आहेच. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला मिळू दे म्हणून बोललेला नवस तिचाच, १७३९ मध्ये किल्ला आला म्हणून तर हे तटबंदीचं देऊळ उभं राहिलं. त्यापुढे एका मधुभाऊचं काय! २०२५ च्या पावसाळ्यात निकाल लागला, मधुभाऊ सुटले, आणि मोठ्या आईने नारळ फोडला. प्रसाद मीही खाल्ला.

त्याच पावसाळ्यात, १६ ऑगस्टला, ज्योती चांदेकर गेल्या.

पूर्णा आजी त्याच करत होत्या. ‘मी सिंधुताई सपकाळ’ या २०१० च्या सिनेमात उतारवयातल्या सिंधुताई त्यांनी केल्या होत्या आणि तरुण सिंधुताई त्यांच्या लेकीने, तेजस्विनी पंडितने. आम्हाला मात्र त्या पूर्णा आजी म्हणूनच माहीत. बातमी सुनेने मोबाईलवर वाचून दाखवली. मी गॅस बंद केला आणि तशीच मोठ्या आईकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. सांगितलं तर सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला कळला पन नाय गं, सायलीच तन्वी हाय त्यो.’

मी घरी येताना त्या वाक्याचा विचार करत होते. मेल्या त्या ज्योतीताई. त्यांना सगळी गोष्ट ठाऊक होती, रोज हातात संवादाचे कागद घेऊन त्या काम करत होत्या. कळलं नाही ते पूर्णा आजीला. पण मोठ्या आईचं दुःख अस्सल होतं, आणि माझंही तेच होतं. आजी इतकी वर्षं तन्वीच्या आठवणीत झुरली, आणि नात रोज तिच्यासमोर चहा घेऊन उभी राहायची. एक ना एक दिवस ती सायलीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघेल, त्या एका भागासाठी आम्ही थांबलो होतो. आणि ते बघणं ज्योतीताईंच्या डोळ्यांनी होईल, असं प्रत्येकीने मनात धरलेलं होतं.

पुढे काही काळ सुभेदारांच्या घरात आजीच दिसेना. संध्याकाळी ओटीवर चर्चा एकच, आता काय करणार? कुणी म्हणे, मालिकेतही आजी गेली असं दाखवतील. कुणी म्हणे, तीर्थयात्रेला धाडतील, मालिकेतल्या नकोशा माणसांना तिथेच पाठवतात. मला वाटत होतं, मारून टाकावं. कठोर वाटेल, पण माणूस गेलं तर घराने सुतक पाळावं, रडावं. त्याच जागी दुसरी बाई आणून बसवायची, हे कसं चालेल?

आणि मग त्याच वर्षी नव्या पूर्णा आजी आल्या. रोहिणी हट्टंगडी.

तो भाग बघायला ओटीवर नेहमीपेक्षा गर्दी होती. मागच्या खोलीतले मुंबईचे पाहुणेही येऊन बसले. आमचे हे सहसा बघत नाहीत, पण नाव ऐकून आले आणि पाहुण्यांना सांगू लागले की ‘गांधी’ सिनेमातल्या कस्तुरबा याच. मोठ्या आईला कस्तुरबांचं काही देणंघेणं नव्हतं. पडद्यावर चेहरा आला तशी ती खांब सोडून पुढे सरकली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, ‘ही तं आशालता! देशमुखांची!’

‘चार दिवस सासूचे’ ही ई टीव्ही मराठीवरची मालिका वर्षानुवर्षं चालली होती, तिच्यातली सासू आशालता देशमुख म्हणजे रोहिणीताई. माझ्या निम्म्या संसारभर ती सासू आमच्या घरात वावरलेली. त्यामुळे झालं असं की नवी बाई परकी नव्हतीच, पण पूर्णा आजीही नव्हती. एका घरातली म्हातारी दुसऱ्या घरात येऊन बसली होती, आणि सगळे तिला ‘पूर्णा आजी’ म्हणत होते. ‘मना नाय पटला,’ असं म्हणून मोठी आई भाग संपायच्या आत उठून गेली. असं तिने कधी केलं नव्हतं.

चेहरे बदललेले आम्ही आधी पाहिले नव्हते असं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली, पुन्हा रसिका सुनील आली, आम्ही हसून सोडून दिलं. ‘आई कुठे काय करते’मधली संजनाही सुरुवातीला दुसरीच होती. रूपाली भोसले आली आणि पहिली कशी होती ते कुणाला आठवेना. गोष्ट महत्त्वाची असती तर नव्या पूर्णा आजीनेही काही अडायला नको होतं. नाव तेच, खोली तीच, अर्जुनवरची माया तीच. कथेत काडीचा फरक पडला नव्हता. तरी आमचा घास अडला.

तेव्हा मला कळलं आम्ही इतकी वर्षं काय बघत होतो. ज्योतीताईंची आजी रागावली की आधी थांबायची. शब्द नंतर यायचा, आणि तो येईपर्यंत सुभेदारांचं अख्खं घर आणि आमची ओटी दोन्ही गप्प असायचे. सून मोबाईलवर दहा सेकंद ढकलते ना, ती नेमकी हीच दहा सेकंद. संवाद लिहिणारा नवा संवाद लिहून देईल, पण ते थांबणं कुठून आणणार? रोहिणीताईंनी ते आणण्याचा प्रयत्न केला नाही, आणि मला वाटतं हाच त्यांचा शहाणपणा. त्यांची आजी थांबत नाही, सरळ बोलते आणि बोलून झाल्यावर समोरच्याकडे बघत राहते. दोन म्हाताऱ्या, दोन तऱ्हा. नक्कल केली असती तर आम्ही रोज तुलना करत बसलो असतो.

मोठी आई पुन्हा यायला लागली ती एका वादळी रात्रीनंतर. ऐन साडेआठला लाईट गेली आणि भाग बुडाला. सकाळी कुंडावर ती मला भाग सांगू लागली. तिच्या घरीही लाईट नव्हती, तिने काहीही पाहिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी ती सांगत होती. प्रिया काय बोलली, सायलीने मान कशी खाली घातली, आणि ‘मंग आजी क बोलली ठाव हाय?’ म्हणून ती थांबली. कमरेपर्यंत गरम पाण्यात बसून, ओठ मिटून, डोळे समोर लावून थांबली. ते ज्योतीताईंचं थांबणं होतं, अगदी हुबेहूब. मग जे वाक्य आलं ते मात्र ठणठणीत, नव्या आजीच्या तोंडचं. सभोवतालच्या बायका मन लावून ऐकत होत्या. कुणी म्हटलं नाही की हे घडलेलंच नाही.

त्या संध्याकाळी ती आपल्या खांबाजवळ येऊन बसली आणि रोहिणीताई दिसल्या तशी म्हणाली, ‘आली गं आजी.’ एवढ्यावर तिचा निर्णय झाला, आणि ओटीवरचं तेच शेवटचं न्यायालय आहे.

लेखकांपर्यंत कधी कुणी पोचवणार असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे. खून, अपहरण, विषाचा पेला, पायऱ्यांवर सांडलेलं तेल हे सगळं आवरतं घ्या. आम्ही त्याच्यासाठी येत नाही. एका घरात चार माणसं, त्यांपैकी एकाला काही माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि चहा ओतला जातोय, एवढं दाखवलंत तरी आम्ही वर्षभर बसू. आमच्या घरांत खून होत नाहीत. चहा मात्र रोज ओतला जातो, आणि न सांगितलेलं काहीतरी प्रत्येकीकडे असतंच.

परवा सून उशिरा आली. हातपाय धुऊन ताट घेताना तिने विचारलं, ‘आई, आज काय झालं? म्हणजे मला बघायला नको.’

मी म्हटलं, ‘काहीच झालं नाही. फार छान झाला भाग. बघच तू, आणि ढकलू नकोस.’