मिलानचा बाजार

मिलानला जाऊन रिकाम्या हाताने परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन बुक्का न आणणे, असे आमच्या आळीतल्या बायकांचे एकमत पडले होते. ही आळी अकोल्यातली. विदर्भातले अकोला नव्हे हो! प्रवरेच्या काठचे, अगस्ती ऋषींचे अकोले. मुलगी मिलानला वास्तुकला शिकते, म्हणून २०२५ च्या जुलैत आम्ही उभयता तीन आठवडे तिच्याकडे राहून आलो. निघताना हातात दोन पाने भरून यादी होती आणि खिशात बेताचे युरो होते.

मिलानचा खरा थाट पाहायचा तर दुओमो या भव्य चर्चशेजारच्या गॅलेरियात जावे. राजा व्हित्तोरिओ एमान्युएले याच्या नावाचा हा काचेच्या छपराखालचा बाजार. १८६५ साली त्याचा पाया घातला गेला आणि दोन वर्षांनी तो लोकांसाठी उघडला. तो बांधणारा मेंगोनी हा वास्तुशिल्पी मात्र प्रवेशाची मोठी कमान पुरी होत आली असताना, १८७७ च्या डिसेंबरात, वरून पडून वारला. वर पाहताना मान दुखते आणि खाली पाहावे तर फरशीवर रंगीत खड्यांचा बैल. हे तुरीन शहराचे चिन्ह. त्याच्या अंगावर टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की भाग्य उजळते म्हणतात, म्हणून तिथे प्रवाशांची ही रांग! टाचांनी बिचाऱ्याच्या अंगाला खड्डा पडला आहे. आम्ही डांगी बैलांच्या मुलखातली माणसे. पोळ्याला ज्याची शिंगे रंगवायची, पुरणपोळीचा घास भरवायचा, त्याला टाचेने घोळसायचे हे आमच्या यजमानांना काही रुचेना. ते बाजूला उभे राहिले. मीही गिरकी घेतली नाही.

या बाजारातली दुकाने म्हणजे देखावेच. एका काचेत एकच पाकीट, त्यावर एकच दिवा, आणि मागे मखमल. शेजारी बारीक अक्षरात किंमत. ती वाचून यजमान म्हणाले, "एवढ्यात आपल्याकडे दुभती गाय येते, वासरासकट." पण पाहण्याला पैसे पडत नाहीत, आणि मिलानची माणसे स्वतः संध्याकाळी कुटुंबासह नुसती पाहतच हिंडत असतात. आत शिरायचे तर मात्र आधी "बोंजोर्नो" म्हणावे. न बोलता वस्तूला हात घालणाऱ्याकडे तिथे जरा निराळ्याच नजरेने पाहतात.

जुलै हा तिकडे 'साल्दी'चा, म्हणजे सवलतीच्या विक्रीचा महिना. वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जुलैत, ही विक्री असते. चिठ्ठीवर मूळ किंमत, सूट आणि नवी किंमत या तिन्ही गोष्टी लिहाव्याच लागतात. त्यामुळे घासाघीस करायला जागाच उरत नाही. ज्या बाईचे आयुष्य "दोन रुपये कमी करा की" म्हणण्यात गेले, तिला हे फारच सुने वाटते. आणखी एक सांगून ठेवते. एका दुकानात एका दिवशी ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर परदेशी माणसाला कराचा काही भाग परत मिळतो. कर बावीस टक्के असतो, हाती त्याहून बरेच कमी येते. पावती आणि पारपत्र दाखवून तिथेच अर्ज करून घ्यावा. आणि रस्त्यावर चादरीवर मांडलेली नामांकित छापाची नकली पाकिटे घेऊ नयेत. विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होतो.

त्या दिवसांत मिलानमध्ये एका गोष्टीमुळे माझा भाव थोडा वधारला होता. आम्ही पोचण्याआधी दोनच आठवडे, जूनमध्ये, प्रादा या तिथल्या मातब्बर घराण्याने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात तरुणांच्या पायांत जी पायताणे घातली होती, ती हुबेहूब कोल्हापुरी. याच गॅलेरियात १९१३ साली मारिओ प्रादाने चामडी सामानाचे दुकान काढले होते. नाव दिले होते नुसते 'चामड्याचे सँडल'. कोल्हापूरचा उल्लेख नाही. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. आपल्याकडे गहजब झाला, तेव्हा कुठे कंपनीने या पायताणांचे मूळ भारतातले असल्याचे मान्य केले. माझ्या पायांत त्या वेळी चार वर्षांपूर्वीची कोल्हापुरीच होती. एका गल्लीतल्या दुकानात विक्री करणाऱ्या मुलीने माझ्या पायांकडे पाहून विचारले, "कोल्हापूर?" उच्चार मोडकाच होता, पण नाव होते.

आता मला खरी घ्यायची होती ती वस्तू सांगते. सासूबाईंनी यादीत एकच कलम घातले होते : मऊ तळाची चप्पल. त्यांच्या टाचा फार दुखतात. आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही (आपला पाच नंबर तिकडे अडतीस होतो, तेव्हा तो बरोबरच आहे म्हणायचा), म्हणून त्यांनी वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ मारून दिली होती. तो कागद घेऊन गॅलेरियातल्या मखमलीसमोर उभे राहायचा धीर मला झाला नाही.

मुलगी म्हणाली, "आई, आपण पापिनियानोला जाऊ." सांत आगोस्तीनो स्टेशनाबाहेर आलो, आणि काय सांगू! वाचकहो, तो चक्क आठवडे बाजार होता. मंगळवारी आणि शनिवारी भरणारा. रस्त्याच्या मधोमध ताडपत्र्या, आरोळ्या, पीचच्या राशी, ढिगातले कपडे उपसणाऱ्या बायका. एका पालावर गुलाबी ठिपक्यांच्या शेंगा होत्या. 'बोर्लोत्ती' म्हणतात त्यांना. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी घेवड्याचे आणि वालाचे बियाणे जपले. त्यांनी ही शेंग पाहिली असती तर मूठभर बी नक्की मागून घेतले असते. मी शेंगांना हात लावणार तोच मुलीने अडवले. इथे भाजी आपण निवडायची नसते, विकणारा देतो ती घ्यायची.

चपलांच्या पालावर एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. मला इटालियन येत नाही, त्यांना मराठी येणार कुठून? मी कागद उलगडला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला, टाचेच्या रेघेवरून अंगठा फिरवला, आणि मुलीला विचारले, "वय काय?" मग समोरचे जोड बाजूला सारून खालच्या खोक्यातून एक तपकिरी जोड काढला, कागदावर ठेवला, मान हलवली, दुसरा काढला. तिसरा रेघेत नेमका बसला. किंमत पस्तीस युरो. मी बोटांनी तीस दाखवले. ते हसले आणि बत्तीसवर आले! गेल्या दोन आठवड्यांत जो आनंद मला कुठल्याच दुकानात मिळाला नव्हता, तो तिथे मिळाला.

परत आल्यावर ती चप्पल मी बाजारात बसणाऱ्या आमच्या जुन्या कारागिराला दाखवली. त्यांनी ती वाकवली, हुंगली, उलटी केली. "कातडं झकास आहे. तळ मात्र चिकटवलाय, शिवलेला नाही," म्हणाले. मधल्या काळात आणखी एक बातमी आली. डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला : दोन हजार जोड इथल्याच कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोंना विकायचे. कारागिरांना शिक्षण देण्याचेही त्यात आहे. मी हे त्यांना सांगितले, रुपयांत सांगितले. ऐंशी हजारांच्या वर! ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "करणाऱ्याला त्यातले किती?"

आरी पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "आणि त्या गिऱ्हाइकांना सांगा म्हणावं, पावसात घालू नका. आपल्या अकोल्यात आषाढात कोल्हापुरी घालून कोण हिंडतं?" मग माझ्या चपलेचा उसवलेला अंगठा शिवून दिला. वीस रुपये झाले. मी कमी करा म्हटले नाही.