आघातामागचा अवकाश

गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत, लक्ष्मी रस्त्यावरील दुतर्फा इमारतींच्या भिंतींवर आदळून परत येणारा ढोलाचा घुमारा आणि त्याला भेदून पुढे निघालेला ताशाचा तडतडाट ज्याने बालपणी ऐकला, त्याला पुढे बेस ड्रम व स्नेअर यांचे परस्परांशी असलेले नाते निराळे शिकवावे लागत नाही. त्या नादातील निम्मा वाटा वाद्याचा आणि निम्मा रस्त्याचा असतो, एवढे मला तेव्हाच कळले होते. त्याचे कारण मात्र महाविद्यालयात असताना, लेड झेपेलिन या रॉक वाद्यवृंदाची एक झिजलेली कॅसेट हाती आली तेव्हा उमगू लागले.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे त्यातले, 1971 साली प्रसिद्ध झालेले गीत. परगण्यातील निराधारांसाठी 1795 साली हॅम्पशायरमध्ये उभारलेल्या हेडली ग्रेंज या वास्तूत, जिन्याच्या तळाशी असलेल्या उंच दालनात वाद्यवृंदाचा ड्रमवादक जॉन बॉनम याचा 26 इंची बेस ड्रम मांडून, ध्वनितंत्रज्ञ अँडी जॉन्सने दोन मायक्रोफोन ड्रमजवळ न ठेवता वर जिन्यात टांगले, आणि आलेला नाद कम्प्रेसरमधून असा दाबून घेतला की आघात ओसरल्यावर त्या भिंतींचा श्वास वर यावा. लय संथ, मिनिटाला सत्तरएक मात्रांची; त्यामुळे प्रत्येक आघाताला आपले ऐश्वर्य मिरवून विरण्यास पुरेशी सवड मिळते.

नोकरीनिमित्त लंडनला गेलो तेव्हा, नव्वदीच्या दशकात, तेथे नेमका याच्या उलट कारभार चालला होता. द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या 1969 सालच्या 'अमेन, ब्रदर' या ध्वनिमुद्रिकेतील, ग्रेगरी कोलमनने वाजवलेली चार आवर्तनांची, जेमतेम सात सेकंदांची ड्रमची जागा सॅम्पलरमध्ये भरून, तिचे तुकडे पाडून, जंगल आणि ड्रम अँड बेसचे कलावंत तिच्यावर इमले रचीत होते. वेग मिनिटाला 137 मात्रांवरून 170 वर नेला की त्या सॅम्पलचा स्वरही तीन-चार अर्धस्वरांनी वर चढतो, आणि स्नेअर पातळ, पत्र्यासारखी चरचरीत होते. पुढे तोच त्या संगीताचा स्थायी वर्ण ठरला. कोलमन 2006 साली निवर्तला. या वापराचा मोबदला म्हणून त्याला एक छदामही मिळाला नाही. ज्याने जमीन कसली त्याचेच नाव सातबाऱ्यावर नसावे, असा हा व्यवहार!

पुढे मी रॉक आणि ड्रम अँड बेस या दोन घराण्यांचा संकर करणाऱ्या वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण करू लागलो, तेव्हा खरी अडचण गणिताची निघाली. 174 च्या वेगात एक मात्रा 345 मिलिसेकंदांत संपते आणि तिचा चौथा हिस्सा 86 मध्ये. मोठ्या दालनाचा निनाद तर याहून कितीतरी अधिक काळ रेंगाळतो, म्हणजे बॉनमचा जिना येथे जसाच्या तसा आणला तर साऱ्या आघातांचा गाळ होतो. म्हणून स्नेअर चढ्या स्वरात लावावी, दूरच्या मायक्रोफोनमधील खर्ज छाटावा, त्याचे शेपूट गेट लावून पुढील आघातापूर्वी तोडावे, आणि वर एखाद्या जुन्या ब्रेकचे पातळ सॅम्पल चढवावे, अशी वहिवाट आहे. त्यातही मूळ स्नेअर आणि सॅम्पल या दोन्हींच्या ध्वनिलहरी परस्परविरुद्ध पडल्या तर स्नेअरचे पोटच नाहीसे होते. ऑस्ट्रेलियातील पर्थहून आलेल्या पेंड्युलमने 'इन सिलिको' (2008) मध्ये हा मार्ग कमालीच्या सफाईने चोखाळला. पण माझ्या कानाला त्यात भिंत ऐकू येत नाही, आणि भिंतीवाचून रॉक मला अपुरा वाटतो.

वाट दाखवली ती आपल्याकडच्या ठाय-दुगुनीच्या हिशोबाने. 174 ची ठाय 87, म्हणजे रॉकची अगदी ऐसपैस चाल. गिटार ठायीत ठेवावी, हाय-हॅट आणि स्नेअरवरचे हलके, अर्धवट ऐकू येणारे आघात दुगुनीत धावू द्यावेत, आणि मुख्य स्नेअर आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर पाडावी. मग तिच्या दोन आघातांमध्ये सुमारे 1.38 सेकंदांची सवड राहते, आणि तेवढ्या सवडीत दालन आत घेता येते. परंतु एकाच मुद्रणात हे साधत नाही, कारण उघड्या मायक्रोफोनमध्ये हाय-हॅटची धावपळही घुसते. म्हणून मी वादकाकडून बेस ड्रम आणि स्नेअर मोठ्या दालनात वाजवून घेतो, आणि दुगुनीचे काम गालिचे अंथरलेल्या लहान खोलीत निराळे करतो. तरुण सहकारी याला वेळकाढू कारभार म्हणतात. तक्रार रास्त आहे, कारण दालनाचे भाडे तासावर आकारले जाते.