समुद्रालगत जाण्याचा हट्ट

थंडीला सुरुवात झाली की मुंबई-पुण्याच्या सायकलस्वारांच्या टोळ्या रत्नागिरीवरून गोव्याकडे उतरू लागतात. भाट्याच्या पुलावर फोटो निघतात, मग गोळपचा चढ लागतो, आणि पूर्णगड येईपर्यंत बहुतेकांचं मत पक्कं झालेलं असतं: कोकण बघायला छान, सायकलला नव्हे. हे मत मला सलतं. खोटं आहे म्हणून नाही. ज्या रस्त्याने ते आले त्या रस्त्यापुरतं ते खरंच आहे, आणि तो रस्ता निवडण्यातच चूक झाली आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून सलतं. त्यात फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने आठ-दहा दिवस सायकल चालवून आलेलं कोणी भेटलं की विचारूच नका. सपाट रस्ता, शेजारी पाणी, दर दहा-पंधरा किलोमीटरवर जुनं गाव, देऊळ म्हणा की चर्च, गढी म्हणा की किल्ला. तसलं आपल्याकडे काही नाही, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. माझं म्हणणं असं की ते आपल्याकडे आहे. फक्त आपण त्याच्याशी काटकोन करून सायकल चालवतो.

रत्नागिरी जिल्ह्याची बांधणी नजरेसमोर आणा. सह्याद्री समुद्रापासून पन्नास-साठ किलोमीटरवर उभा, आणि त्याच्यातून निघालेली प्रत्येक नदी नाकासमोर पश्चिमेला. उत्तरेकडून निघालं तर सावित्रीची बाणकोट खाडी, मग केळशी, आंजर्ले, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, अर्जुनेची जैतापूर, आणि शेवटी सिंधुदुर्गाच्या हद्दीवर वाघोटनची विजयदुर्ग. दोन खाड्यांच्या मधोमध जांभ्याचा सडा, शंभर-दीडशे मीटर उंचीचा, वरून ताटासारखा सपाट आणि कडेला एकदम तुटलेला. किनाऱ्याला समांतर जाणारा माणूस म्हणजे फणीच्या दात्यांवरून बोट फिरवणारा माणूस. गाड्या घेऊन खाडी ओलांडणारी बोट, म्हणजे जंगलजेटी, तवसाळच्या बाजूला टेकते, साखळ्या खडखडतात, पुढचं लोखंडी फळकूट शेवाळलेल्या काँक्रीटवर आपटतं, आधी मोटारसायकली सुटतात, मग गाड्या, आणि डिझेलचा धूर खाऊन झाल्यावर सगळ्यात शेवटी सायकल. पाणी मागे राहत नाही तोच घाटी सुरू. पायांत नुकताच गारवा आलेला असतो, तो पहिल्या वळणाला जातो. सड्यावर पोचावं, करवंदीच्या जाळ्या आणि मोकळं रान यांतून चार-पाच किलोमीटर सुखाने जावं, की पुढची खाडी दिसते आणि कमावलेली सगळी उंची दहा मिनिटांत ब्रेकच्या रबरात घासून टाकावी लागते. पलीकडे पुन्हा पहिल्यापासून. याला कोणी सहल म्हणत असेल तर म्हणो, पण तो कोकणाचा दोष नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला तर मांजर गुरगुरणारच.

आता नकाशा जरा जुन्या माणसाच्या डोळ्यांनी बघू. वरंध घाट उतरला की महाड, कुंभार्ली उतरला की चिपळूण, अणुस्कुरा उतरला की राजापूर. ही गावं जिथे आहेत तिथेच का आहेत? कारण भरतीचं पाणी तिथवर चढायचं. घाटावरून लमाणांचे बैल धान्य, गूळ घेऊन उतरायचे, खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे, आणि अदलाबदल व्हायची ती मालाची होडी, म्हणजे पडाव, जिथपर्यंत येई त्या ठिकाणी. संगमेश्वरही त्याच माळेतलं. नदीच्या मुखाशी पाहा, प्रत्येक पेठेचा राखणदार उभा आहे: महाडला बाणकोटचा हिंमतगड, चिपळूणला दाभोळ बंदर आणि समोर अंजनवेलचा गोपाळगड, संगमेश्वरला जयगड, राजापूरला जैतापूरच्या अंगाचा यशवंतगड. म्हणजे इतिहासाने जोड्या लावून दिलेल्या आहेत, एक टोक पेठेचं, एक टोक बंदराचं, आणि मधे पाणी. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे आपण शाळेत वाचतो. १६८९ मध्ये संभाजी महाराज कसबा संगमेश्वरला पकडले गेले, हे तर कोणाला सांगायला नको. पण ही गावं एवढी महत्त्वाची होती ती खाडीमुळे, हे सांगायचं मात्र राहून जातं, कारण आज आपण त्यांना महामार्गावरची गावं म्हणून ओळखतो. महामार्गसुद्धा तिथून गेला याचं कारण तेच आहे: भरतीची हद्द संपते तिथे नदी अरुंद होते, आणि पूल बांधायला सोपा जातो. खाडीने गाव वसवलं, खाडीने रस्ता ओढून आणला, आणि रस्ता येताच गावाने खाडीकडे पाठ फिरवली. धक्क्याच्या बाजूला परसदारं गेली, आणि परसदारी काय टाकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाळाने खाडी भरली असं आपण म्हणतो, जणू गाळ आपोआप चालत आला. २०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीतला गाळ उपसण्याचं काम सुरू झालं, तेव्हा कुठे गावाने नदीकडे पुन्हा नीट पाहिलं. पाहिलं तेही भीतीने.

इथे जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो मला हलका वाटत नाही. फ्रान्समधला काठचा रस्ता काही सायकलवाल्यांसाठी जन्माला आलेला नाही. १६८१ मध्ये पुरा झालेला कॅनाल द्यु मिदी घ्या: दोनशे चाळीस किलोमीटरचा कालवा, आणि काठाने वाट, कारण नाव घोड्याने ओढायची होती. घोडा गेला, वाट उरली, तिच्यावर सायकली आल्या. ल्वारचा सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्गही पुराच्या बांधांचा आणि काठच्या बारीक रस्त्यांचा आधार घेत गेला आहे. आपल्याकडे नाव ओढायला घोडा कधी लागलाच नाही. भरतीवर बसलं की पडाव चिपळूणकडे, ओहोटीवर सोडला की दाभोळकडे. समुद्र फुकटात काम करत असताना काठाने वाट कोण पाडणार? म्हणून आपल्या खाड्यांना सलग काठवाट नाही. चिखल आहे, कांदळवन आहे, आणि प्रत्येक वाडीतून वर सड्याकडे जाणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. गावं पाण्याने एकमेकांना जोडलेली होती, जमिनीने नव्हे. हा आक्षेप मी मान्य करतो.

पण मान्य करतो तो सत्तर वर्षांपूर्वीच्या कोकणापुरता. लाँची आणि बोटी बंद पडल्यावर खाडीपट्ट्यातल्या गावांना डांबर लागलंच. हे रस्ते कोणी एका आराखड्याने केलेले नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी झाले आहेत: एखादा आमदार निधी, एखादा साकव, खारभूमीचा एखादा बंधारा ज्याच्या माथ्यावरून एस.टी. नाही तरी दुचाकी जाते. पण ते आहेत, आणि त्यांच्यावर वाहन दिसलंच तर मासळीवालीची रिक्षा किंवा शाळेची गाडी. संगमेश्वराहून फुणगूसकडे उतरणारा भाग घ्या, नाहीतर रत्नागिरीतल्या माणसाच्या हाताशी असलेला काजळीचा काठ घ्या. पोमेंडी, हरचेरी, चांदेराई; शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत जग बदलतं. चढ तिथेही आहेत, मी खोटं बोलणार नाही, पण ते नदीच्या वळणाने येतात आणि जातात, सड्याची ती उभी भिंत नाही. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो तेव्हा त्यावर नखाएवढाले खेकडे बिळांच्या तोंडाशी बसून एकच मोठी नांगी वरखाली करत असतात, हजारोंनी, आणि सायकलची सावली पडली की सगळा किनारा एका क्षणात रिकामा. मोटारीतून हे दिसत नाही. चालणाऱ्याला दिसतं, पण दिवसभरात त्याची एक-दोन गावं होतात. सायकलला पाच-सहा. चांदेराईच्या बाजारात पुराचं पाणी कुठवर चढतं हे दुकानदार हात वर करून दाखवतो, आणि तो हात छपराजवळ जातो. नदीकाठचं गाव म्हणजे काय हे तिथे कळतं. ल्वारच्या काठच्या गावांतही पुराच्या खुणा भिंतीवर कोरलेल्या असतात, आणि प्रवासी त्यांचे आवर्जून फोटो काढतात.

राहायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. खरा आहे. खोल्या सगळ्या गणपतीपुळे, गुहागर, मुरुड-हर्णैकडे. खाडीकाठी ओळख काढावी लागते. फ्रान्समध्ये सायकलवाल्यांचं स्वागत करणाऱ्या घरांना देशभर चालणारी एक खूण दिली जाते. तिच्या अटी अगदी साध्या आहेत: मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असणं, सायकलला कुलूपबंद जागा, पंक्चर काढायचं सामान. आपल्या पडवीत या तिन्ही गोष्टी मावतात, वर सोलकढी. वाळूचे आणि चिऱ्याचे डंपर हा तिसरा आक्षेप, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्या खाडीला डंपर लागले ती खाडी सायकलने टाळावी, एवढंच.

पुलांबद्दल मात्र माझं मलाच नीट समजत नाही. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांच्या मुखांवर मोठे पूल होणार म्हटल्यावर माझ्या जिवाला पहिली चुटपुट लागली ती जंगलजेटीची. वीस मिनिटांचं ते सक्तीचं थांबणं, रेलिंगला टेकवलेली सायकल, वाशिष्ठीचं रुंद पाणी, ते जाणार. पण हे दुःख आठवड्याची सुट्टी काढून आलेल्याचं आहे. रात्री जेटी बंद झाल्यावर पैलतीरावर दुखणेकरी घेऊन बसलेल्या घराला ते सांगून बघा. पूल व्हायलाच हवेत, आणि बाणकोटच्या खाडीवर वर्षानुवर्षं अर्धवट उभे असलेले खांब ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शिवाय विचार केला तर ते माझ्या पथ्यावरच पडतं: सगळी धावपळ मुखाशी आणि महामार्गाशी वाटली जाईल, आणि मधला खाडीपट्टा आहे त्याहून निवांत होईल. म्हणजे ज्याच्या नावाने मी बोटं मोडत होतो त्याचेच आभार मानायची वेळ येणार. आता निवांत म्हणजे उपाशी, असंही कोणी म्हणेल. गिऱ्हाईक नसलेल्या बाजारपेठेला निवांत म्हणणं बाहेरच्याला सोपं असतं, हे मला पटतं.

म्हणूनच फार मोठी मागणी करायला मी कचरतो. सायकल-पर्यटन मार्ग म्हणून योजना मंजूर झाली, तर कांदळवन तोडून फरशा, रंगीत कठडे आणि प्रेमाचं बदामचिन्ह येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. दिशा दाखवणारे दगड पुरेत: पुढची वाडी कोणती, होडीची तर कुठे, पाणी कुठे. आणि चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी या स्थानकांवर सायकल उतरवून घेताना कपाळाला आठ्या न घालणारा एक माणूस. राजापूरचं स्थानक गावापासून इतकं दूर आहे की तिथे उतरल्यावर पहिली सहल तीच होते.

एक सोय मात्र कोणी करायची गरज नाही, ती आहेच. मार्गशीर्ष-पौषात रात्रभर निवलेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे मतलई वारा सुटतो, आणि दुपारी ऊन तापलं की तोच उलटून खारा वारा खाडीतून वर चढतो. पडाववाले भरतीबरोबर हाही हिशेब बांधून असत. सहा वाजता संगमेश्वराहून निघालं तर वारा पाठीशी, बंदरावर जेवण उरकून दोनला परत फिरलं तरी वारा पाठीशी. समुद्रालगत गोव्याकडे जाणाऱ्यांना तो दोन्ही वेळा बरगडीत लागतो.