अकोट्याची कांस्यकाया

वडोदऱ्याच्या सयाजीबागेत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आहे. त्याचे अनमोल धन म्हणजे विश्वामित्री नदीकाठच्या अकोटा, म्हणजेच प्राचीन अंकोट्टक, येथे १९५१ मध्ये सापडलेल्या ६८ जैन धातुप्रतिमा. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा सखोल अभ्यास केला.

त्यांतील सर्वांत प्राचीन प्रतिमांपैकी एक भगवान ऋषभदेवांची आहे. रुंद खांदे, गळ्यावरील तीन वळ्या, चांदी जडवलेले ध्यानमग्न नेत्र! मानवी देहाची इतकी जाण असूनही शिल्पकाराने स्नायूंचा ताण वा शिरांचे जाळे दाखविले नाही. ग्रीक कांस्यमूर्तीत देहाचे बळ दिसते. येथे दिसतो तो देहाचा विराम. कायोत्सर्ग म्हणजे कायेवरील ममत्वाचा त्याग. पण ज्याला काया कळली नाही, तो तिचा त्याग धातूत कसा साकारणार?

घडविण्याची रीतही अर्थपूर्ण आहे. मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर मातीचा लेप देतात. आच दिली की मेण वितळून जाते आणि त्या रिकाम्या जागेत तप्त धातू ओततात. मेण जाते, आकार उरतो.

मुकुट व अलंकार धारण केलेल्या जीवंतस्वामींच्या, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या महावीरांच्या, एका प्रतिमेवर नागीश्वरी नावाच्या श्राविकेच्या दानाचा लेख आहे. सुमारे सहाव्या शतकातील त्या श्राविकेची संपत्ती, घरदार यांचा मागमूस नाही. दिलेले तेवढेच तिच्या नावे जमा राहिले. व्यापारानिमित्त वडोदऱ्यास जाणाऱ्यांनी या प्रतिमांसाठी एक दुपार अवश्य राखावी.