लोहाची गोळी आणि चहाचा कप

भगिनींनो, आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तुम्ही कशाबरोबर घेता? बहुतेक घरी ती सकाळच्या चहाबरोबरच जाते. रानात निघायची घाई, आणि चहा हाताशी असतो. पण चहातला तुरट अंश पोटात लोहाला धरून ठेवतो. मग पुष्कळसे लोह रक्तात न उतरता तसेच बाहेर पडते.

माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना होता. रक्त नऊ. दोन महिने नेमाने गोळ्या घेऊनही वाढेना. सासूबाई म्हणाल्या, "गोळ्याच खोट्या!" नर्सबाईंनी मात्र विचारले, "कधी घेतेस गं?" ही लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेई, वर चहा! कॅल्शियमही लोहाची वाट अडवते. तेव्हापासून कॅल्शियम जेवताना, आणि लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबाच्या पाण्याबरोबर. आंबटातले 'क' जीवनसत्त्व लोह अंगी लावते. महिन्याभरात नवाचे दहा झाले.

२०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या चौपन्न बायकांना रक्त कमी आढळले. आपल्या बाजरीत लोह आहे, पण धान्यातले लोह सहज अंगी लागत नाही. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा आवळा घ्या. चहा तासाभराने.

गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नका. मळमळलेच तर नर्सबाईंना विचारा, गोळी परस्पर सोडू नका. आणि दुधाबरोबर ती घेऊ नये, हे मात्र आमच्या सासूबाईंना अजून पटलेले नाही.